फ्रीलान्स वेब डिझायनर

कोणत्याही कंपनीच्या पगारपत्रकावर न राहता वेगवेगळ्या क्लायंटसाठी वेबसाइटची रचना करून देणारा व्यावसायिक. पानांची मांडणी, रंग, अक्षरवळण, मेन्यू आणि बटणांची वागणूक ठरवणे हे त्याचे मूळ काम. पुण्या-मुंबईत रचना करणारा, कोड लिहिणारा आणि मजकूर लिहिणारा असे तीन वेगळे लोक मिळतात. सांगली किंवा जळगावात डोमेन (साइटचे इंटरनेटवरचे नाव) घेण्यापासून साइट चालू ठेवण्यापर्यंत सगळे बहुधा एकाच माणसाकडे येते. या नोंदीत डिझाइनच्या तंत्रापेक्षा त्या कामाभोवतीचा व्यवहार पाहिला आहे, कारण या धंद्यातली भांडणे रंगावरून क्वचितच होतात. मजकूर कोणी द्यायचा, बदल किती करायचे आणि तयार झालेली साइट नेमकी कोणाची, यावरून ती होतात.

पार्श्वभूमी

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. तेव्हाची पाने हाताने एचटीएमएल (वेबपानाची भाषा) लिहून बनत आणि फोन नंबर बदलायचा असला तरी डिझायनरकडेच जावे लागे. २००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमुळे मजकूर बदलणे क्लायंटच्या हाती आले. शिवाय ते मुक्त परवान्याचे असल्याने एकट्या माणसालाही त्यावर धंदा उभा करता आला. २०१० मध्ये अमेरिकन वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला जुळवून घेणाऱ्या ‘रिस्पॉन्सिव्ह’ पानांची कल्पना मांडली. जिथे बहुतेकांचे इंटरनेट फोनवरच सुरू होते आणि तिथेच संपते, त्या आपल्या देशात हा बदल फार मोठा ठरला. आज क्लायंटही डिझाइन फोनवरच पाहतो. लॅपटॉपवर पान दाखवून होकार घेतलेला डिझायनर संध्याकाळी ‘माझ्याकडे वेगळंच दिसतंय’ असा निरोप मिळवतो.

परदेशी कामांसाठी ऑनलाइन बाजारपेठा आहेत. एलान्स आणि ओडेस्क एकत्र आल्यावर २०१५ मध्ये त्या कंपनीने अपवर्क हे नाव घेतले. फायव्हर २०१० पासून चालू असून विक्रेत्याच्या कमाईतले २० टक्के ती स्वतःकडे ठेवते. मराठी मुलुखातली बहुतेक स्थानिक कामे मात्र अजून ओळखीतूनच येतात: सीए, छापखाना, कॉलेजातला मित्र, आधीचा समाधानी क्लायंट.

क्लायंटशी व्यवहार

काम कोटेशनने सुरू होते. चांगल्या कोटेशनमध्ये जे करणार त्याहून जे करणार नाही ते जास्त स्पष्ट लिहिलेले असते: फोटो काढणे, मजकूर टाइप करणे, भाषांतर, डोमेन आणि होस्टिंगचा (साइट सर्व्हरवर ठेवण्याचा) खर्च, ईमेल खाती, करेक्शनच्या दोनहून जास्त फेऱ्या. ‘पाच पानांची साइट’ एवढेच लिहिले, तर क्लायंटच्या हिशेबात प्रत्येक उत्पादनाला वेगळे पान मिळते आणि पाचाची पन्नास होतात. साधारणपणे निम्मी रक्कम अ‍ॅडव्हान्स, डिझाइन मंजूर झाल्यावर काही भाग आणि साइट लाइव्ह होण्याआधी उरलेली, अशी वाटणी रूढ आहे. शेवटचा हप्ता लाइव्ह झाल्यानंतर ठेवणारा डिझायनर बहुधा नवखा असतो.

काम रखडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे मजकूर. क्लायंटला वाटते की साइट आधी तयार होईल आणि माहिती मग भरता येईल. प्रत्यक्षात ‘आमच्याविषयी’चे चार परिच्छेद यायला महिने लागतात आणि आलेच तर फोनवर काढलेल्या माहितीपत्रकाच्या फोटोच्या रूपात. छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, तिथे ती दाबली जाऊन लहान होतात; ‘फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ हे वाक्य या धंद्यात रोज बोलले जाते. यावर दोन उपाय आहेत. अमुक दिवसांत मजकूर न आल्यास झालेल्या कामाचे बिल निघेल, असे कलम काहीजण घालतात. दुसरा उपाय म्हणजे मजकूर हाती आल्याशिवाय रचनेला हातच न लावणे. दुसरा अधिक बरा, कारण खोट्या भरतीच्या मजकुरावर बेतलेले पान खरा मजकूर ओतल्यावर जवळजवळ नेहमीच मोडते.

होकार नेमका कोणाचा घ्यायचा, हाही प्रश्न असतो. कुटुंबाच्या व्यवसायात बोलणी मुलगा करतो आणि शेवटच्या दिवशी वडील प्रथमच साइट पाहतात. ट्रस्टमध्ये विश्वस्त मंडळ असते, सहकारी संस्थेत संचालक. महाविद्यालयांची तऱ्हा वेगळी: नॅक या महाविद्यालये तपासणाऱ्या संस्थेच्या मूल्यांकनासाठी अहवाल आणि समित्यांची माहिती साइटवर असावी लागते, त्यामुळे वर्षभर थंड पडलेले काम ते मूल्यांकन जवळ आले की रातोरात तातडीचे होते. अनुभवी डिझायनर पहिल्याच बैठकीत अंतिम सही कोण करणार ते विचारून घेतो आणि फोनवर झालेले प्रत्येक बोलणे ईमेलने लिहून पाठवतो.

लाइव्ह होण्याचा दिवसही अनेकदा मुहूर्तावर ठरतो. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा. पाहुण्यांच्या हस्ते बटण दाबून उद्घाटन करायचे असले, तर साइट खरे म्हणजे एक-दोन दिवस आधीच चालू केलेली असते, कारण डोमेनचा पत्ता नव्या सर्व्हरकडे वळवल्यावर तो सगळीकडे पोचायला कधी कधी ४८ तासही लागतात. पाहुण्यांचे बटण केवळ समाधानासाठी.

देवनागरीचा प्रश्न

मराठी साइट करताना इंग्रजीसाठी बेतलेली रचना जशीच्या तशी चालत नाही. इंग्रजी शीर्षकाला रुबाबदार दिसावे म्हणून अक्षरांत अंतर वाढवतात. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते. ओळींतले अंतर कमी ठेवले की वेलांट्या आणि मात्रा वरच्या ओळीत घुसतात. मोठ्या लिपीतली अक्षरे देवनागरीत नसल्याने, त्यांच्यावर उभारलेला मेन्यू मराठीत फिका पडतो. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते. असे ‘मराठी’ छापील फलकांवर आणि साइटवरच्या बॅनरवर आजही दिसते.

ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीतल्या वळणांपेक्षा वेगळी. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही असतात, पण पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवल्याशिवाय ब्राउझर मराठी वळणे वापरत नाही. एका ओळीचे काम आहे आणि बहुतेक साइटवर ते केलेले नसते. फॉन्टच्या बाबतीत परिस्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली: मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बलू हे फॉन्ट खुल्या परवान्याने कोणालाही वापरता येतात.

जुना मजकूर हे वेगळेच दुखणे. छापखान्याकडून आलेली फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व (सगळीकडे चालणारी अक्षरपद्धती रूढ होण्याआधीच्या) फॉन्टमध्ये असते. ती साइटवर चिकटवली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. कन्व्हर्टरने युनिकोड करता येते, पण रफार, जोडाक्षरे आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांची तपासणी डोळ्यांनीच करावी लागते. हे कोटेशनमध्ये स्वतंत्र काम म्हणून लिहायला हवे; बहुतेकजण फुकटात करून देतात आणि नंतर कुरकुरतात.

मालकी

डोमेन कोणाच्या नावावर, हा सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा. सोयीसाठी डिझायनर स्वतःच्या खात्यातून डोमेन घेतो, क्लायंट त्याला पैसे देतो आणि दोघेही विसरतात. तीन वर्षांनी संबंध बिघडले किंवा डिझायनरने नोकरी धरली, की दुकानाच्या पाटीइतके महत्त्वाचे नाव दुसऱ्याच्या खात्यात अडकलेले असते. नूतनीकरणाची सूचनाही त्याच्याच ईमेलवर जाते. थकलेल्या पैशांसाठी डोमेन अडवून धरणारे आहेत. हा मार्ग नाइलाजाचा वाटला तरी धंद्यात नाव त्यामुळेच जाते. डोमेन पहिल्या दिवसापासून क्लायंटच्या नावाने आणि क्लायंटच्या ईमेलवर घेणे हेच योग्य.

रचनेच्या हक्काबाबत मात्र क्लायंटचा समज बहुधा चुकीचा असतो. १९५७च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचे हक्क सर्वसाधारणपणे नोकरी देणाऱ्याकडे जातात. पैसे देऊन करवून घेतलेले छायाचित्र, रंगवलेले चित्र किंवा चित्रपट यांचेही हक्क करवून घेणाऱ्याकडे जातात. फ्रीलान्सर नोकर नाही आणि वेबसाइट त्या यादीत नाही. त्यामुळे पूर्ण पैसे चुकते केले तरी लेखी, सहीनिशी हस्तांतरण झाल्याखेरीज मांडणीचे आणि कोडचे हक्क करणाऱ्याकडेच राहतात. हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दोन ओळींचे काम, पण ते सहसा वाद झाल्यावरच आठवते.

पैसे आणि कर

बिलातून क्लायंट कंपनी मुळातून करकपात (टीडीएस) करते. एकाच प्रकारच्या कामाला कोणी व्यावसायिक सेवा मानून १० टक्के कापतो, कोणी तांत्रिक सेवा म्हणून २, तर कोणी कंत्राट धरून १ टक्का. वर्षअखेरी विवरणपत्रात ही रक्कम जमा धरली जाते, तोवर हातात मात्र कमी पैसे येतात. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपेक्षा कमी असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. परदेशी क्लायंटचे काम, निर्यातीच्या अटी पूर्ण होत असतील तर, जीएसटीच्या शून्य दराने होते.

थकबाकीवर एक कायदेशीर उपाय आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे करारात काहीही लिहिले असले तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. एकटा डिझायनरही उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करू शकतो. ती काम घेण्याआधी केलेली बरी. प्रत्यक्षात ओळखीच्या क्लायंटवर तक्रार करायला कोणी धजत नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की मोठ्या कंपन्यांचा हिशेब विभाग हलतो, कारण मुदतीबाहेर थकवलेला खर्च त्यांना करासाठी वेळेवर वजा करता येत नाही.

इतर डिझायनर

एकटा म्हणवणारा फ्रीलान्सर प्रत्यक्षात क्वचितच एकटा असतो. रचना करणारा ती फिग्मात तयार करतो आणि डेव्हलपरकडे देतो; २०१६ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या या ब्राउझरमधल्या साधनामुळे दोघे एकाच फाइलवर एकाच वेळी काम करू शकतात. तरी देवघेवीत काही गोष्टी सुटतातच: फॉर्म चुकीचा भरल्यावर काय दिसायचे, यादी रिकामी असेल तर काय, नाव खूप लांब असेल तर काय. चांगला डिझायनर या अवस्थाही काढून देतो, नाहीतर डेव्हलपर त्या स्वतःच्या अंदाजाने करतो आणि दोष डिझाइनला लागतो.

मोठी एजन्सी आपले काम फ्रीलान्सरला देते तेव्हा तो तिच्या नावाखाली राहतो, क्लायंटशी थेट बोलत नाही आणि बरेचदा ते काम स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवू शकत नाही. दाखवण्याची परवानगी आधीच लेखी मागावी. एजन्सीच्या क्लायंटने मागाहून थेट संपर्क साधला तर तो एजन्सीकडे वळवणे हा संकेत आहे. तो मोडणाऱ्याला त्या शहरात पुन्हा काम मिळणे अवघड, कारण हे वर्तुळ लहान असते.

बक्षिसाच्या स्पर्धांबद्दल या व्यवसायात कडवट मतभेद आहेत. मेलबर्नहून २००८ मध्ये सुरू झालेल्या नाइन्टीनाइन डिझाइन्ससारख्या ठिकाणी अनेकजण पूर्ण डिझाइन करून पाठवतात आणि पैसे बहुधा एकालाच मिळतात. अमेरिकेतील एआयजीए ही डिझायनरांची संस्था अशा बिनपगारी कामाच्या विरोधात राहिली आहे. शिकाऊ मुलाला त्यातून सराव मिळतो हे खरे, पण घरखर्च चालवणाऱ्याने त्यावर विसंबू नये. सरावच हवा असेल तर वर्डप्रेसवाल्यांचे मेळावे अधिक कामाचे; मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर इथे वर्डकॅम्प झाले आहेत आणि वर्डप्रेसच्या मराठी भाषांतराचे काम स्वयंसेवक करतात.

दुसऱ्याने केलेली साइट हाती घेणे हे सगळ्यांत नाजूक काम. आधीच्याची रचना पाहताच नाक मुरडण्याचा मोह आवरावा लागतो. ती वाईट असली तरी कोणत्या मुदतीत आणि किती पैशांत झाली हे माहीत नसते. आधी पासवर्ड, डोमेनचे खाते आणि बॅकअप ताब्यात घ्यायचे, मग शक्य असेल तर जुन्या डिझायनरला एक फोन करायचा. कोणता प्लगइन (साइटला जोडलेला तयार भाग) का घातला हे तोच सांगू शकतो. आणि त्याचे पैसे थकले असतील, तर तेही त्याच फोनवर कळते.