कैद्याचं ताट आणि साखरेचा आजार : पार्श्वभूमी

मधुमेह निघाला की डॉक्टर सांगतात, वेळेवर जेवा, मोजून खा, चालत राहा. कैद्याच्या हातात यातलं जवळजवळ काहीच नसतं. ताटात काय पडणार, किती वाजता पडणार, कोठडीबाहेर किती वेळ पाय मोकळे करायला मिळणार, हे सगळं दुसरंच कुणी ठरवतं.

ही अडचण जुनी आहे. लंडनच्या मिलबँक तुरुंगात कैद्यांना फार चांगलं खायला मिळतं अशी ओरड झाली आणि १८२२ साली शिधा कापला गेला. १८२३ मध्ये तिथे स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) आणि हगवणीची साथ पसरली. पुढे जावा बेटावर व्होर्डरमन या डच वैद्यकीय अधिकाऱ्याने १०१ तुरुंगांची पाहणी केली. पॉलिश केलेला तांदूळ जिथे शिजत होता, तिथे साधारण ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी (ब१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) होता. कोंडा राखलेला तांदूळ होता तिथे दहा हजारांत एकाला. १९१५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीत गोल्डबर्गर या डॉक्टरांनी शिक्षामाफीच्या बदल्यात तयार झालेल्या कैद्यांना मुद्दाम निकस आहार दिला, आणि त्यातल्या निम्म्या जणांना पेलाग्रा (नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) झाला. आहारातून आजार कसा होतो, हे वैद्यकशास्त्र बऱ्याच अंशी कैद्यांच्या शरीरावर शिकलं. त्या ज्ञानाचं ऋण आजही फिटलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

१९२२ मध्ये रक्तातली साखर उतरवणारं इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं आणि प्रश्नाचं रूप पालटलं. आता अन्न पुरेसं असून भागत नव्हतं, ते इंजेक्शनच्या वेळेशी जुळायलाही हवं होतं. समजा, इंजेक्शन दिलं आणि कैद्यांची मोजणी लांबल्याने जेवण तासभर उशिरा आलं. रक्तातली साखर फार उतरते. अंगाला दरदरून घाम, हात थरथरतात, बोलणं तुटक आणि असंबद्ध होतं. पहारेकऱ्याला वाटतं, हा नशेत आहे किंवा मुद्दाम उद्धटपणा करतोय. त्या वेळी लागते ती केवळ १५-२० ग्रॅम साखर. तीही जवळ ठेवायची तर परवानगी हवी. सुई आणि साखर मोजायच्या ग्लुकोमीटरचीही तीच गत.

कायदा मागून आला. संयुक्त राष्ट्रांच्या १९५५ च्या किमान नियमांतही, डॉक्टरने लेखी दाखला दिला तर शिक्षा म्हणून कैद्याचं जेवण कमी करायला मुभा होती. म्हणजे डॉक्टरची सही उपाशी ठेवण्यासाठी! १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'एस्टेल विरुद्ध गॅम्बल' खटल्यात कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष घटनाबाह्य ठरवलं. जेवण तोडण्याच्या शिक्षेवर सरसकट बंदी आली ती थेट २०१५ मध्ये, याच नियमांच्या सुधारित आवृत्तीत, म्हणजे नेल्सन मंडेला नियमांत. बाहेरच्या माणसाला मिळतात तेच उपचार कैद्यालाही मिळावेत, हेही त्यात आहे.

पण रात्री दार बंद झाल्यावर साखर उतरली, तर हाक आधी पहारेकऱ्याच्याच कानी पडते. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या तुरुंगांसाठीच्या मार्गदर्शनात डॉक्टर-परिचारिकांबरोबर पहारेकऱ्यांनाही ही लक्षणं ओळखायला शिकवा, असा आग्रह आहे.