तिफणीच्या खालून गेलेला जाळ

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्रीचे पावणेआठ वाजत आले होते. गुढी उतरवून झाली होती आणि आम्ही अंगणात बाज टाकून बसलो होतो. शेजारच्या आजी एकदम ओरडल्या, "पाय, इमान पेटलं!" वायव्येकडून आग्नेयेकडे जाळाची एक ओळच चालली होती. पुढे दोन-तीन मोठे गोळे, मागे ठिणग्यांची शेपटी, आणि आवाज अजिबात नाही. सगळं इतकं सावकाश चाललं होतं की घरातल्यांना हाका मारून बाहेर बोलावता आलं.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. पुढच्या दिवसांत आसपासच्या शिवारात पोकळ गोळेही मिळाले. चीनच्या 'चांग झेंग ३बी' रॉकेटचा तिसरा टप्पा, म्हणजे त्याचा सगळ्यात वरचा भाग, फेब्रुवारी २०२१ मधल्या उड्डाणापासून पृथ्वीभोवती फिरत होता. तोच खाली आला, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. त्या टप्प्याचा व्यासही तीन मीटरच असतो.

उल्का आणि असा कचरा यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा डोळ्याचं पातं लवेपर्यंत विझते. कक्षेतून उतरणाऱ्या तुकड्याचा वेग सुमारे पावणेआठ किलोमीटर असतो आणि तो हवेत जवळजवळ आडवा शिरतो. म्हणून हा जाळ अर्धा मिनिट, कधी त्याहूनही जास्त वेळ दिसत राहतो. तुकड्यासमोरची हवा इतक्या झपाट्याने दाबली जाते की ती प्रचंड तापते, आणि ८० किलोमीटरच्या आसपास सांगाडा फुटू लागतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, टायटॅनियमला १६६८ अंश लागतात. शिवाय पोकळ गोळा आकाराने मोठा पण वजनाने हलका, त्यामुळे हवा त्याला वरच अडवते. रॉकेटच्या टायटॅनियमच्या पोकळ टाक्या शेतापर्यंत पोचतात त्या यामुळे.

त्या रात्री गावोगावचे लोक म्हणत होते, "आमच्या मागच्याच वावरात पडलं." डोळा इथे हमखास फसतो. ८० किलोमीटर उंचीवरचा जाळ क्षितिजापासून फक्त दहा अंश वर दिसत असेल, तर तो सुमारे ४०० किलोमीटर दूर असतो. म्हणूनच तो एकाच वेळी गुजरातपासून विदर्भापर्यंत दिसला.

मग गावच्या माणसाच्या पाहण्याला किंमत काय? माझ्या मते फार मोठी. वरच्या हवेची दाटी सूर्याच्या लहरीनुसार बदलते, म्हणून कचरा कधी उतरेल याच्या अंदाजात उरलेल्या वेळाच्या दहा-वीस टक्के चूक सहज होते. दहा तास आधीचा अंदाज एक-दोन तासांनी चुकू शकतो, आणि तासाभरात ती वस्तू २८ हजार किलोमीटर पुढे गेलेली असते. नेमकी कुठे फुटली, हे शेवटी पाहणाराच सांगतो. ५ सप्टेंबर १९६२ ला सोव्हिएत स्पुटनिक-४ अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यावर जळत उतरलं, तेव्हा उपग्रहांवर नजर ठेवणारे हौशी लोक आधीच वाट पाहत उभे होते. त्याचा नऊ किलोंचा तुकडा मॅनिटोवॉक गावात भर रस्त्यात मिळाला.

पुन्हा कधी असा जाळ दिसला, तर आधी घड्याळ पाहा, सेकंदांसकट. मोबाइलवर चित्रण करताना झूम करू नका, आणि कडुलिंबाचा शेंडा किंवा देवळाचा कळस चौकटीत राहू द्या. नुसत्या काळ्या आभाळातल्या ठिपक्यावरून दिशा काढता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभं राहून त्या शेंड्याची दिशा होकायंत्राने मोजा. हात लांब केला की मूठ साधारण दहा अंशांची भरते, उंची तिनेच मोजा. पन्नास-शंभर किलोमीटरवरच्या दोन गावांनी अशी नोंद केली, की दोन रेषा जिथे छेदतात तिथे त्या जाळाची जागा आणि उंची मिळते. जाळ विझल्यावरही पाच-सात मिनिटं कान देऊन थांबा. तेवढ्या उंचीवरून धमाका यायला चार मिनिटांहून जास्त लागतात.

सापडलेल्या तुकड्याला मात्र हात लावू नका. काही टाक्यांत हायड्राझिन हे विषारी इंधन असतं. लांबून फोटो काढा, पोरांना आणि गुरांना दूर ठेवा, पोलीस पाटलांना किंवा तहसीलला कळवा. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा तुकड्याने जमिनीवर नुकसान केलं, तर भरपाईची जबाबदारी ते पाठवणाऱ्या देशावर येते. पंचनाम्याला म्हणूनच महत्त्व आहे.

आमच्या अंगणातली सगळ्यात चांगली नोंद आजींची निघाली. मी चित्रण केलं होतं, पण त्यात झाड नाही, छप्पर नाही, नुसता हलणारा उजेड. मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांना त्या तिफण म्हणतात. सकाळी चहा घेताना त्या म्हणाल्या, "तिफणीच्या मूठभर खालून गेलं पाय ते, अन् पाटलाच्या चिंचेमागं इझलं." मी होकायंत्र घेऊन तसाच चिंचेकडे तोंड करून उभा राहिलो.