चेंडूवर नजर ठेव, पण कोणी?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या वाड्यामागच्या मैदानावर संध्याकाळी व्हॉलीबॉलचं एकच नेट लागतं. पाच वाजता बारकी पोरं, सहानंतर सामने खेळणारे मोठे. सर तेच आणि हाकही तीच: "चेंडूवर नजर ठेव रे!" (१८५७च्या शताब्दीनिमित्त १९५७ साली राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय ग्वाल्हेरात सुरू झालं. त्यामुळे आमच्याकडे मैदानाबाहेर उभं राहून सल्ला देणाऱ्यांनाही तोटा नाही. मीही त्यातलाच.)

पहिल्या तासाला सरांचं म्हणणं अगदी बरोबर. दुसऱ्या तासाला ते अपुरं पडतं.

पोरांची खालून मारलेली सर्व्हिस उंच कमान करत येते, हवेत सेकंदाहून जास्त रेंगाळते. तेवढ्या वेळात चेंडू बघून त्याच्याखाली पोहोचता येतं. मोठ्यांचं तसं नाही. ताशी १०० किलोमीटरच्या स्मॅशला नेटपासून सात मीटरवरच्या खेळाडूपर्यंत यायला पाव सेकंद लागतो. आणि डोळ्यांनी पाहिल्यावर हात नुसता हलू लागायलाच साधारण ०.२ सेकंद जातो! उरलेल्या वेळात पास कसा काढणार, म्हणजे चेंडू हातांवर घेऊन साथीदाराकडे कसा देणार? मुरलेला खेळाडू म्हणूनच चेंडूआधी माणूस वाचतो: धाव कुठून घेतली, खांदा किती वळला, कोपर कुठे आहे. त्याच्या सरावात हेच वाचन हवं. समोरच्याचा हात चेंडूला लागण्याआधी 'उजवीकडे' की 'डावीकडे' ते ओरडून सांगायला लावलं, तरी पुष्कळ.

बारक्यांना मात्र आधी वेळ मिळवून द्यावा लागतो. पुरुषांचं नेट २.४३ मीटर, महिलांचं २.२४, दहा वर्षांच्या पोरीला दोन्ही आभाळाएवढी. तिच्यासाठी खाली बांधलेली दोरी पुरे. नेहमीचा चेंडू २६० ते २८० ग्रॅमचा असतो. तेवढ्याच आकाराचा हलका चेंडू हवेच्या रोधामुळे सावकाश येतो आणि मनगटावर झोंबतही नाही. अगदी पहिल्या दिवशी फुगासुद्धा चालेल.

सरावाच्या क्रमाचंही असंच आहे. १९७९ साली शिया आणि मॉर्गन या अमेरिकी संशोधकांनी लोकांना हातात टेनिसचा चेंडू धरून लाकडी फळ्या ठरावीक क्रमाने पाडायला लावल्या. एकच क्रम घोटणारे सरावात झपाट्याने सुधारले. क्रमांची सरमिसळ करणारे चाचपडत राहिले. दहा दिवसांनी पुन्हा तपासलं, तेव्हा चाचपडणारेच पुढे होते. सामन्यातही कोणी सलग वीस पास देत नाही. पास, मग सेट (स्मॅशसाठी चेंडू उंच उचलून देणं), मग ब्लॉकसाठी, म्हणजे नेटवर समोरचा स्मॅश अडवायला, धाव, असंच चालतं. म्हणून मोठ्यांचा सराव विस्कळीत दिसला तर बिघडत नाही. ज्याला अजून पासच धड जमत नाही, त्याला मात्र ही सरमिसळ पहिल्याच आठवड्यात दिली तर तो गोंधळतो. त्याने आधी घोटावंच.

हे सगळं मी सरांना सांगितलं. परवा त्यांनी मोठ्यांवर प्रयोग केला. स्मॅश मारणाऱ्याने उडी घेतली, सर ओरडले, "बोल, कुठे येणार?" मागच्या ओळीतून उत्तर आलं, "माझ्या तोंडावर, सर!"

अंदाज बरोबर होता.