अटकेच्या आणि गुन्ह्याच्या नोंदी: बडोद्यातल्या चौकशीची पार्श्वभूमी

बडोद्यात स्थळाची चौकशी करायची म्हणजे पूर्वी दांडिया बाजारातला एखादा जुना माणूस गाठायचा, नाहीतर न्यायमंदिरात वकिली करणाऱ्या पुतण्याला ‘बघ रे जरा, काही भानगड नाही ना’ म्हणून सांगायचं. कोर्ट २०१८ मध्ये दिवाळीपुऱ्याला गेलं, चौकशी मोबाईलवर आली. मुलाचं, भाडेकरूचं, भागीदाराचं नाव टाकलं की सगळं बाहेर येईल, असं आता लोक धरून चालतात. तसं येत नाही, कारण अटकेच्या आणि गुन्ह्याच्या या नोंदी चौकशी करणाऱ्यांसाठी उघड्या झालेल्याच नाहीत.

गायकवाडी, म्हणजे संस्थानकाळच्या, दप्तराचा मुद्दा वेगळा. १९४९ च्या विलीनीकरणानंतर इथेही १८७२ चा पुरावा कायदा आला. सार्वजनिक दस्तऐवज कोणता हे त्याचं कलम ७४ सांगे. तो पाहण्याचा हक्क असलेल्याला फी भरून नक्कल द्यावी, हे कलम ७६. पुढचे सगळे वाद याच ‘हक्क असलेल्या’पाशी अडले.

कोठडीतल्या मृत्यूंबद्दल १९८६ साली पश्चिम बंगालमधून गेलेल्या एका पत्रावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये निकाल दिला. अटकेची माहिती १२ तासांत कंट्रोल रूमला कळवून फलकावर लावायची, असं त्यात ठरलं. माणूस पोलिसांच्या हाती गेला आणि घरच्यांना पत्ताच नाही, असं होऊ नये म्हणून. २००८ च्या दुरुस्तीने हेच कलम ४१-सी म्हणून फौजदारी प्रक्रिया संहितेत आलं.

सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१६ चा एफआयआरचा आदेशही त्याच वळणाचा. एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायची. नेटची अडचण असेल तिथे ४८, फार तर ७२ तासांत. लैंगिक गुन्हे, दहशतवाद, पॉक्सो (मुलांवरचे लैंगिक गुन्हे) यांसारखी संवेदनशील प्रकरणं वगळायची. मागणी आरोपीच्या बाजूची होती: आपल्यावर काय लिहिलंय ते वेळेत कळावं, दाद मागता यावी.

मग आरोपपत्रही टाका, अशी याचिका झाली आणि २० जानेवारी २०२३ ला ती फेटाळली गेली. कोर्टाचं म्हणणं असं: आरोपपत्र आणि त्यासोबतची कागदपत्रं कलम ७४ खाली सार्वजनिक दस्तऐवज नाहीत; संहितेप्रमाणे त्यांची प्रत आरोपीला मिळते, ती सर्रास उघड केली तर आरोपी, पीडित आणि तपासयंत्रणा, तिघांच्या हक्कांना बाध येईल; २०१६ चा आदेश निरपराध माणसाला छळापासून वाचवण्यासाठी होता, तो इथे ताणता येणार नाही. पीडितांच्या बाबतीत हे पटतं. बाकी परिणाम मात्र उफराटा झाला. तक्रारदाराने रागाच्या भरात घरच्या पाच जणांची नावं एफआयआरमध्ये घातली, तपासात पोलिसांनी तीन वगळली, तरी पाचांची एफआयआर पोर्टलवर आणि दोघांचं आरोपपत्र फायलीत. वगळलेल्या तिघांचं वगळलं जाणं शेजाऱ्याला दिसायचं कुठे?

गुजरातपुरता आणखी एक निकाल आहे, मार्च २०२० चा. उच्च न्यायालयातल्या खटल्याची नक्कल तिऱ्हाइताला माहितीच्या अधिकारात मागता येत नाही; त्या कोर्टाच्या १९९३ च्या नियमांप्रमाणे कारण सांगून, प्रतिज्ञापत्रासह अर्ज करावा लागतो. ‘मुलीचं लग्न ठरतंय’ हे कारण पुरेल का, हे ज्याने त्याने आपल्या वकिलाला विचारावं.

उरतं ई-कोर्ट्स, म्हणजे कोर्टातली प्रकरणं शोधायची सरकारी वेबसाइट. नावाची किमान तीन अक्षरं, वर्ष, प्रलंबित की निकाली, आणि कॅप्चा. ‘पवार’ टाकून बघा: एका नोंदीत डब्ल्यू, दुसरीत व्ही, कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मध्ये. सरकार फिर्यादी, त्यामुळे आपला माणूस प्रतिवादीच्या रकान्यात. मॅजिस्ट्रेटकडून प्रकरण सेशन्स कोर्टाकडे सोपवलं गेलं (कमिट झालं) की तिथे नवा क्रमांक पडतो. पहिल्या क्रमांकावर ‘निकाली’ दिसलं म्हणून सुटका झाली असं समजणारे पुष्कळ भेटतात.

खरोखर सुटलेल्यांचीही गत फार वेगळी नाही. खालच्या कोर्टात आणि अपिलातही निर्दोष ठरलेल्या एका अर्जदाराने तो निकाल एका वेबसाइटवरून आणि गूगलवरून काढावा अशी मागणी केली होती; गुजरात उच्च न्यायालयाने ती जानेवारी २०१७ मध्ये नाकारली.

१ जुलै २०२४ पासून ४१-सीची जागा नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ ने घेतली. प्रत्येक ठाण्यात किमान एएसआय (सहायक उपनिरीक्षक) दर्जाचा अधिकारी नेमायचा, अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठळकपणे लावायचं, डिजिटल स्वरूपातही. जामीन झाल्यावर किंवा माणूस सुटल्यावर ते नाव खाली कधी उतरवायचं, याबद्दल त्या कलमात काही नाही.