दुश्चितपणा

दुश्चितपणा म्हणजे अंगाने हजर आणि मनाने गैरहजर असणे. योगसूत्रांत यालाच चित्तविक्षेप म्हटले असून व्याधी, संशय, आळस वगैरे नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, त्याची कारणे म्हणून मोजले आहेत. बोलीत मात्र ‘चित्त थाऱ्यावर नाही’ एवढ्यावर भागते.

मराठीत या दोषाची झाडाझडती समर्थ रामदासांनी घेतली. १६८२ मध्ये साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला. दासबोधाच्या आठव्या दशकात ‘दुश्चितनिरूपण’ असा स्वतंत्र समासच आहे. दुश्चितपणातून आळस, आळसातून झोप आणि झोपेत आयुष्य वाया, अशी त्यातली उतरंड. अठराव्या दशकाच्या शेवटी श्रोत्यांची अवलक्षणे येतात, तिथे तर विनोदच आहे: कोणाच्या पाठीत उसण भरते, कोणाची कंबर धरते, कोणाला पिसू चावतो, कोणी जांभया देतो. कथेला बसलेल्या माणसांकडे बारकाईने पाहिल्याशिवाय असे लिहिता येत नाही. (लग्नात ‘सावधान’ ऐकताच रामदास बोहल्यावरून पळाले, ही प्रसिद्ध आख्यायिका. खरी असो वा नसो, त्या शब्दाचा अर्थ मनावर घेणारा नवरदेव विरळाच.)

कीर्तनकारांना हा अडथळा रोजचाच. नारदीय कीर्तनात पूर्वरंग, म्हणजे निरूपणाचा पहिला भाग, संपला की मध्ये नामाचा गजर होतो, बुक्का लागतो, आणि मगच आख्यान सुरू होते. पेंगणारा श्रोता टाळ्यांच्या ठेक्यावर आपोआप परत येतो.

विसाव्या शतकात प्रश्न उलटा झाला. माहिती उदंड झाली की लक्षाचा दुष्काळ पडतो, हे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडले होते. पुढे स्मार्टफोन आला, आणि कितीही सरकवले तरी न संपणारी पाने आली. जुना पिसू निदान चावून निघून जायचा.

कोरोनाकाळात शाळाच मोबाइलवर आली आणि फोन मुलांच्या हातात हक्काने गेला. शाळा पुन्हा भरल्या तरी तो सुटेना, हे शिक्षकांच्या ध्यानात आले. त्यावर सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे ३,००० वस्तीच्या गावाने उपाय शोधला तो भोंग्याचा. १४ ऑगस्ट २०२२ रोजी ग्रामसभेत ठरले आणि दुसऱ्या दिवसापासून अंमल सुरू झाला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद, मुले अभ्यासाला. अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक सुरुवातीला दारोदार फिरून सांगत होते. बंदी फक्त पोरांना नव्हती, मालिका पाहणाऱ्या मोठ्यांनाही होती, आणि उपायाचे मर्म तेच: शेजारच्या घरातूनही टीव्हीचा आवाज येत नाही. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो तो सुटीचा.