नायगारा: न्यूयॉर्कमधलं की ऑन्टॅरिओमधलं?

नायगारा फॉल्स नावाची शहरं दोन आहेत आणि तीही समोरासमोर, एकाच नदीच्या दोन काठांवर. एक अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, दुसरं कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात. बुकिंगच्या साइटवर नुसतं ‘नायगारा फॉल्स’ टाकलं की दोन्हीकडची हॉटेलं सरमिसळ होऊन येतात. त्यातली खोलीच्या काचेतून धबधबा दिसणारी बहुतेक हॉटेलं कॅनडातली. न्यू जर्सीहून आई-बाबांना घेऊन निघालेल्यांनी फोटोला भुलून अशी खोली घेतली, तर मध्ये एक आंतरराष्ट्रीय सीमा आडवी येते. म्हणून खोली बुक करताना पत्त्यात ‘एनवाय’ आहे की ‘ओएन’, हे सगळ्यात आधी बघायचं.

त्याहीआधी बघायचा तो पासपोर्ट. ‘अमेरिकन साइड चांगली की कॅनेडियन?’ हा वाद व्हॉट्सॲप ग्रुपवर दर उन्हाळ्यात रंगतो, पण निम्म्या घरांत त्याचा निकाल व्हिसानेच लावलेला असतो. भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा एवढंच असेल, तर कॅनडात जाता येत नाही. कॅनडाचा वेगळा व्हिजिटर व्हिसा लागतो, त्याला बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि पासपोर्टही काही दिवस देऊन ठेवावा लागतो. एचवन-बीवाल्या मुलालाही तोच नियम. ग्रीन कार्ड असेल तर मात्र वैध पासपोर्ट आणि कार्डावर कॅनडाची सहल होते, आणि अमेरिकन नागरिकाला पासपोर्ट पुरतो. मग व्हायचं असं, की मुलगा सिटिझन, सून ग्रीन कार्डवर आणि सासू-सासरे सीमेवरच्या पुलाच्या अलीकडे. कॅनडाचा बेत नक्की असेल तर आई-बाबा भारतात असतानाच अर्ज करून टाकावा. अमेरिकेत उतरल्यावर सुरुवात केली, तर सहलीची तारीख निघून जाते आणि पासपोर्ट अडकून बसतो तो वेगळाच.

व्हिसा मिळाला तरी परतीचा विचार हवाच. अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, ते तपासून घ्यावं. पूल ओलांडून परत आलं की अमेरिकेत राहायला मिळणारे सहा महिने नव्याने सुरू होतात, असा एक समज आहे. त्यावर विसंबून परतीचं तिकीट पुढे ढकलू नये, तसं होईलच असं नाही.

उलट दिशेचा हिशेब सोपा आहे. लेक टोरोंटोत किंवा ब्रॅम्प्टनला असेल आणि आई-बाबांकडे कॅनडाचा व्हिसा असेल, तर अमेरिकेकडे ढुंकूनही बघायची गरज नाही. टोरोंटोहून अंतर साधारण १३० किलोमीटर, सकाळी निघून रात्री घरी. न्यूयॉर्क शहराकडून मात्र साडेसहाशे किलोमीटर आहे. ट्रॅफिक धरून सात तास लागतात, तेव्हा मुक्काम करावाच लागतो. विमानाने यायचं तर बफेलोचा विमानतळ जवळचा.

आता धबधब्याकडे येऊ. तो एक नाही, तीन आहेत. कॅनडाकडे घोड्याच्या नालासारखा वळलेला हॉर्सशू, सुमारे ५७ मीटर उंच आणि कड जवळजवळ ६७० मीटर लांब. अमेरिकेच्या काठाला अमेरिकन फॉल्स, आणि त्याला खेटून बारीकसा ब्रायडल व्हेल. नदीचं साधारण ९० टक्के पाणी एकट्या हॉर्सशूवरून पडतं. अमेरिकन फॉल्सच्या पायथ्याशी दगडांचा मोठा ढीग आहे, त्यामुळे पाणी सरळ खाली न जाता मध्येच फुटतं.

यातून दोन्ही काठांचा फरक कळतो. कॅनडाकडून तिन्ही धबधबे समोरून, एका नजरेत दिसतात. कॅलेंडरवर असतं ते चित्र तिथलं. अमेरिकेच्या बाजूला आपण धबधब्याच्या अंगाखांद्यावर उभे असतो. अमेरिकन फॉल्सची रुंदी बघायची तर प्रॉस्पेक्ट पॉइंटच्या टॉवरवर जायचं, आणि तिथूनही तो बराचसा बाजूनेच दिसतो. पण गोट आयलंडवर जा. टेरापिन पॉइंटला कठड्याला टेकून उभं राहिलं की हिरवंगार पाणी काचेसारखं वाकून तुमच्या शेजारून खाली जातं. दुसऱ्या टोकाच्या थ्री सिस्टर्स बेटांकडे गर्दी कमी असते. तिथे धबधब्याच्या आधीचा खळाळ इतका जवळून वाहतो, की लहान मुलांचा हात सोडू नये. कॅनडाकडे टेबल रॉकलाही हॉर्सशूची कड अगदी पुढ्यात येते, हे मान्य. पण बेटावर पाण्याच्या मधोमध उभं राहणं अमेरिकेकडेच.

अमेरिकेच्या काठावर १८८५ पासून सरकारी उद्यान आहे, तिथलं सगळ्यात जुनं स्टेट पार्क. म्हणून झाडी टिकली. आत जायला पैसे नाहीत, पार्किंगला आहेत. कॅनडाच्या काठालाही क्वीन व्हिक्टोरिया पार्क आहे, पण त्याच्या पाठीमागे टोलेजंग हॉटेलं, कॅसिनो, स्कायलॉन टॉवर आणि क्लिफ्टन हिलची जत्रा. पाळणे, मेणाचे पुतळे, भुताची घरं. मुलं खूश होतात. मला तो रस्ता दहा मिनिटांत पुरे होतो, पण बरोबर दहा वर्षांचं पोर असेल तर आपलं मत गिळावं.

बोटीवरून उगाच वाद घालू नये. अमेरिकेकडून निघते ती मेड ऑफ द मिस्ट, तिचे रेनकोट निळे. कॅनडाकडची बोट वेगळ्या कंपनीची, रेनकोट लाल. दोन्ही हॉर्सशूच्या त्याच कुंडात जातात, तितकंच भिजवतात आणि सुमारे वीस मिनिटांत परत आणतात. एका बाजूची केली की दुसरी करायची गरज नाही. मेड ऑफ द मिस्टला खाली उतरायला लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही जमते.

गुडघ्यांचा खरा प्रश्न येतो तो केव्ह ऑफ द विंड्सला. नावात गुहा असली तरी आता तिथे लाकडी जिने आणि डेक आहेत. ब्रायडल व्हेलच्या पायथ्याशी, पाण्यापासून जेमतेम २० फुटांवर उभं राहायचं. बर्फामुळे ते डेक दरवर्षी काढतात आणि वसंतात पुन्हा उभारतात, म्हणून मेच्या सुरुवातीला जाणाऱ्यांनी ते सुरू झालेत का, हे आधी बघावं. पायऱ्या बऱ्याच आणि सगळ्या ओल्या. कॅनडाकडे याच्या जागी जर्नी बिहाइंड द फॉल्स आहे. लिफ्टने खाली, मग बोगद्यातून हॉर्सशूच्या पाठीमागे. बोगद्याच्या तोंडाशी मात्र पांढरा पडदा आणि आवाज एवढंच दिसतं-ऐकू येतं. खरी मजा बाहेरच्या डेकवर. दोन्हींतून एक निवडायचं तर चालती-फिरती मंडळी असताना मी केव्ह ऑफ द विंड्सच निवडेन.

वेळेचं गणित दोन्ही काठांना सारखंच आहे आणि ते फार कमी जणांना ठाऊक असतं. नायगाराच्या पाण्याला तोटी आहे. नदीचं बरंच पाणी धबधब्याच्या वरच वळवून दोन्ही देश वीज करतात. किती वळवायचं हे १९५० च्या करारात ठरलं. १ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी ८ ते रात्री १० धबधब्यावरून किमान १ लाख क्युसेक पाणी सोडायचं, आणि रात्री ते ५० हजारांवर आणता येतं. खडकवासल्यातून ३५ हजारांच्या पुढे विसर्ग गेला की सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरतं, यावरून अंदाज घ्या. म्हणजे जूनमध्ये सूर्य मावळतो नऊच्या सुमारास, रंगीत दिवे लागतात, आणि दहानंतर पाणी ओसरायला लागतं. भरलेला धबधबा दिव्यांत बघायचा तर हातात तासभरच. जेवण आधी उरकावं.

इंद्रधनुष्य हवं असेल तर ऊन पाठीवर यायला हवं. अमेरिकेच्या काठावरून ते सकाळी, कॅनडाच्या काठावरून दुपारनंतर. दोन्ही व्हिसा असणाऱ्यांनी याच क्रमाने दिवस लावावा. सकाळी गोट आयलंड, दुपारी रेनबो ब्रिज पायी ओलांडून पलीकडे. पूल चालत ओलांडता येतो आणि गाडीपेक्षा तेच बरं, कारण पलीकडचं पार्किंग महाग. पासपोर्ट गाडीत विसरू नका. येताना पिशवीत फळं उरली असतील तर अमेरिकेच्या अधिकाऱ्याला स्वतःहून सांगावं.

१ जुलैचा कॅनडा डे, ४ जुलै आणि सप्टेंबरचा लेबर डे वीकेंड टाळावेत. त्या दिवसांत पुलावर गाड्यांची रांग लागते आणि खोल्यांचे भाव दुप्पट दिसतात. कॅनडाकडच्या हॉटेलचे दर कॅनेडियन डॉलरमध्ये असतात म्हणून स्वस्त वाटतात. त्यावर १३ टक्के कर आणि वरून पर्यटनाच्या नावाने आणखी काही आकार लागतात, तेव्हा शेवटचा आकडा बघूनच कार्ड काढावं. मंगळवार-बुधवार मिळाला तर उत्तम.