त्वचाविकारांची परिभाषा (बडोद्याच्या मराठीच्या संदर्भात)

त्वचेचे घटक, तिच्यावर दिसणारी लक्षणे आणि तिला होणारे रोग यांच्या नावांचा हा समूह आहे. मराठीत ही नावे मुख्यतः तीन ठिकाणांहून आली : खरूज, नायटा, गळू, कुरूप यांसारखे घरगुती शब्द, दद्रू, पामा, विसर्प यांसारखे आयुर्वेदातील शब्द, आणि आधुनिक वैद्यकातील ग्रीक-लॅटिन संज्ञा. अठराव्या शतकात गायकवाडांच्या राज्याबरोबर बडोद्यात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत यांत गुजरातीची भर पडली. दांडिया बाजारातल्या घरात आजी ज्याला एक नाव देते, त्याला शेजारीण दुसरे नाव देते आणि डॉक्टर चिठ्ठीवर तिसरेच लिहितात. नावे निराळी असण्याने फारसे बिघडत नाही. खरा घोटाळा होतो तो एकाच वळणाचा शब्द दोन भाषांत दोन रोगांवर बसतो तेव्हा.

मराठी ‘खरूज’ आणि गुजराती ‘खरजवुं’ हे याचे ठळक उदाहरण आहे. खरूज म्हणजे कातडीत बिळे करून राहणाऱ्या सूक्ष्म किडीमुळे होणारा रोग. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती खाज सुटते, ती रात्री वाढते, आणि निकट सहवासातून रोग पसरत असल्याने घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे लागते. गुजरातीत या रोगाला ‘खस’ म्हणतात. ‘खरजवुं’ म्हणजे मराठीतील इसब, ज्यात कातडी लाल होते, चिघळते किंवा जाड पडते, पण एकाचा दुसऱ्याला संसर्ग होत नाही. इसबावर स्टेरॉइडचे मलम दिले जाते. तेच मलम खरजेवर चोळले तर खाज काही काळ दबते आणि कीड तशीच राहते. गजकर्णावर, म्हणजे गुजराती ‘धाधर’वर, ते लावले तर बुरशी पसरते आणि चकत्याची ओळखीची गोल कडा पुसट झाल्याने निदानही अवघड होते. औषधाच्या दुकानात रोगाचे नुसते नाव सांगून मलम मागण्याची सवय म्हणूनच या शहरात अधिक धोक्याची म्हणावी लागते.

दुसरा गुंता ‘कुष्ठ’ या शब्दाभोवती आहे. चरकसंहितेत कुष्ठाचे 18 प्रकार सांगितले आहेत, 7 महाकुष्ठे आणि 11 क्षुद्रकुष्ठे. दद्रू, पामा, विचर्चिका, किटिभ हे क्षुद्रकुष्ठांतच मोडतात. अर्थात तेथे कुष्ठ ही त्वचारोगांची मोठी जात आहे, एक रोग नव्हे. आजच्या मराठीत मात्र कुष्ठरोग म्हणजे महारोग, ज्याचा जंतू नॉर्वेचे आर्मावर हान्सेन यांनी 1873 मध्ये शोधला. कुष्ठापासूनच आलेला हिंदी ‘कोढ़’ महारोगासाठी वापरतात, तर मराठी ‘कोड’ रंगपेशी नष्ट झाल्याने उठणाऱ्या पांढऱ्या डागांसाठी. गुजराती ‘कोढ’ही सामान्यतः याच अर्थी बोलला जातो. कोड संसर्गाने होत नाही, तरी नावातल्या या नात्यामुळे त्याला महारोगाची भीती विनाकारण चिकटली आहे. गुजरातीत महारोगाला ‘रक्तपित्त’ म्हणतात आणि जुन्या मराठीतही ‘रक्तपिती’ असे म्हणत. आयुर्वेदात मात्र रक्तपित्त म्हणजे नाकातोंडातून किंवा अन्य मार्गांनी रक्त जाण्याचा विकार.

रोगाच्या नावाआधी दिसणाऱ्या लक्षणाचे नाव निश्चित करावे, ही आधुनिक शिस्त इंग्लंडचे रॉबर्ट विलन (1757–1812) यांनी घालून दिली. पुटकुळी, खवला, पुरळ, मोठा फोड, बारीक पाणफोड, पूयुक्त फोड, गाठ आणि डाग अशा प्रकारांत त्यांनी त्वचारोगांची विभागणी केली. मराठीत यांतील बहुतेकांना चांगले घरगुती शब्द आहेत. ‘गांध’ हा तर फार नेमका आहे : अचानक उठणारी, खाजणारी आणि काही तासांत मागमूस न ठेवता विरणारी सूज. ‘व्रण’ मात्र अडचणीचा आहे. बोलीत व्रण म्हणजे जखम भरल्यावर राहिलेली खूण. वैद्यकीय परिभाषेत, संस्कृतला अनुसरून, न भरलेली जखम किंवा क्षत. ‘पायावर व्रण आहे’ या वाक्याचा अर्थ बोलणारा कोण आहे यावर अवलंबून राहतो. सोरायसिसला रूढ घरगुती नाव नाही. त्यासाठी कोणी ‘विचर्चिका’ वापरतात, तर कोणी तोच शब्द इसबाला लावतात, त्यामुळे मूळ नाव ठेवणेच बरे.

काही नावे रूपावरून पडली आहेत. केस चकत्यांनी गळण्याला मराठीत चाई आणि गुजरातीत उंदरी म्हणतात. छाती-पाठीवरच्या शिब्यांना गुजराती नाव करोळिया, म्हणजे जाळे विणणारा कोळी. कांजिण्यांचाच विषाणू मज्जातंतूंत वर्षानुवर्षे सुप्त राहून पुन्हा जागा झाला की नागीण होते. तिचे तोंड आणि शेपूट जुळले तर रोगी दगावतो, ही समजूत निराधार आहे. पुरळ एका मज्जातंतूच्या पट्ट्यात उठत असल्याने ते सहसा शरीराची मध्यरेषा ओलांडतच नाही.

संज्ञा बहुभाषिक कोशात बांधण्याची परंपरा बडोद्याला आहे : सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या प्रेरणेने 1931 मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा आठ भाषांतील शब्दकोश निघाला, परंतु त्याचा विषय राज्यकारभार होता. 1949 मध्ये येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याचे शिक्षण इंग्रजीत. खस आणि खरूज यांची गाठ अजून रुग्ण आणि डॉक्टर यांच्या बोलण्यातच पडते, आणि तेथे नाव सांगण्यापेक्षा बाही वर करून जागा दाखवणे अधिक उपयोगी पडते.